हृदय थकले, तरी पाऊल थांबू नये
(गणेशोत्सवात अड्यार येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



मी फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयरोग्यांना पुन्हा चालते करायचे हे माझे रोजचे काम. कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "हार्ट फेल्युअर झालेला माणूस हालचाल का करत नाही, यावर बोलते." सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण सभागृहात जरा नजर फिरवा. कल्पाक्कम, आयआयटी, रेल्वे, बँका अशा ठिकाणी नोकरीसाठी आलेले आपले अनेकजण आज सत्तरीच्या घरात आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडून येऊन दक्षिणेत ठिकठिकाणी स्थायिक झालेल्या गलाई व्यावसायिकांच्या घरांतही आता आजी-आजोबा आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला नाहीतर अमेरिकेत. अशा घरात एखाद्याचे हृदय कमकुवत झाले की तो माणूस खुर्चीत बसतो आणि हळूहळू त्या खुर्चीतलाच होऊन जातो. त्याला तिथून उठवायचे कसे, एवढेच आज बोलायचे आहे.

नावाची भीती

पहिली अडचण नावापासूनच आहे. 'हार्ट फेल्युअर' म्हटले की हृदय बंद पडले, संपले, असे वाटते. तसे नाही. शरीराला लागेल तेवढे रक्त हृदय पुरेशा जोराने पुढे ढकलू शकत नाही, किंवा ताठर झाल्यामुळे त्यात रक्त नीट भरत नाही, अशी ही अवस्था आहे. मग धाप लागते, पायाला सूज येते, रात्री दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, थोड्या कामाने थकवा येतो. तमिळमध्ये लोक "मूच्चु वांगुदु" म्हणतात, तेच हे दम लागणे. हार्ट अटॅक ही अचानक घडणारी घटना आहे. हार्ट फेल्युअर ही पुढे वर्षानुवर्षे सांभाळायची स्थिती आहे. अटॅक हे तिचे एक मोठे कारण.

आपल्या देशात हा आजार फार म्हाताऱ्यांचाच आहे, असेही समजू नका. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेच्या पुढाकाराने २०१९-२० मध्ये देशातल्या ५३ रुग्णालयांतून १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंद झाली. त्यांचे सरासरी वय साधारण ६० होते. पाश्चात्त्य देशांत हेच वय सत्तरीच्या पुढे असते. दहापैकी सातांना मुळात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता, आणि रुग्णालयात दाखल झाल्यापासून ९० दिवसांत १४ टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावले. म्हणजे हा आजार गंभीर आहे, औषधे नेमाने घ्यायलाच हवीत. पण त्याच वेळी साठीतल्या माणसापुढे अजून बरेच आयुष्य असते. ते खुर्चीत काढायचे की चालत-फिरत, हा प्रश्न आहे.

"आराम करा" हा सल्ला कुठून आला?

शंभर वर्षांपूर्वी हृदयाच्या रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवत. थकलेल्या अवयवाला विश्रांती द्यावी, हा त्यामागचा साधा विचार. १९५२ मध्ये अमेरिकेत डॉ. सॅम्युएल लेव्हाइन आणि डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी अटॅक आलेल्या ८१ रुग्णांना लवकरच अंथरुणावरून उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसते खुर्चीत बसवणे! तेव्हा तेसुद्धा धाडस वाटले. पण रुग्णांचे काही बिघडले नाही.

१९६६ मध्ये अमेरिकेतच डल्लास येथे पाच धडधाकट विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद किती घटते, ते पाहायचे होते. तीस वर्षांनी त्याच पाचजणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयाने त्यांची ताकद जितकी घटली नव्हती, त्याहून जास्त ती तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी घटली होती. निरोगी विशीतल्या पोरांची ही गत, तर साठीतल्या हृदयरोग्याला महिनोन्महिने बसवून ठेवल्यावर काय होत असेल?

हार्ट फेल्युअरमध्ये मात्र व्यायाम निषिद्धच समजला जाई. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. अँड्र्यू कोट्स आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना घरी सायकल चालवायला लावली आणि त्यांची क्षमता वाढल्याचे दाखवले. मग एचएफ-अ‍ॅक्शन नावाची मोठी चाचणी झाली. तीन देशांतले २,३३१ रुग्ण. निकाल २००९ मध्ये आला. त्यातून ठामपणे कळले ते असे, की डॉक्टरांच्या तपासणीनंतर, बेताने केलेला व्यायाम सुरक्षित आहे. मृत्यू आणि रुग्णालयाच्या फेऱ्या यांत पडलेला फरक लहान होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण चालण्याची ताकद आणि जगण्याचे समाधान वाढले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत तर साठीच्या पुढचे ३४९ रुग्ण होते, आजार बळावून रुग्णालयात दाखल झालेले. त्यांना तोल, ताकद, चालणे आणि दम यांचा सराव तिथूनच सुरू केला, आणि तीन महिन्यांत त्यांचे हिंडणे-फिरणे स्पष्टपणे सुधारले. आज जगभरचे हृदयतज्ज्ञ स्थिर झालेल्या रुग्णाला व्यायामाचा सल्ला देतात.

पण एचएफ-अ‍ॅक्शनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. देखरेखीची सत्रे संपून रुग्ण घरी गेल्यावर ठरलेली मिनिटे पुरी करणारे थोडेच उरले. व्यायाम चांगला, हे पटलेले. तरी होत नाही. ते का?

पंपिंगचा आकडा सगळे सांगत नाही

आपल्याकडे इकोचा रिपोर्ट हातात आला की सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर. "बाबांचे पंपिंग ३० टक्के आहे हो, त्यांना उठू देत नाही." हृदय एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकते, तो हा आकडा. निरोगी माणसातही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. उपचार ठरवायला तो फार महत्त्वाचा. पण माणूस किती चालू शकेल, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही, असे संशोधकांना चाळीस वर्षांपूर्वीच दिसले होते. ३० टक्केवाले काका बाजारातून भाजी आणतात आणि ५० टक्केवाले काका दारापर्यंत जात नाहीत, हे मी रोज पाहते. शिवाय जगभरातल्या सुमारे निम्म्या रुग्णांचा हा आकडा जवळजवळ ठीकच असतो, तरी त्यांना धाप लागते.

मग ठरते कशावरून? एकेक पाहू.

पहिले कारण स्नायूंचे. न वापरलेले स्नायू झिजतात. मांड्या-पोटऱ्या बारीक झाल्या की तेवढ्याच चालण्याला जास्त दम लागतो. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसल्याने स्नायू आणखी झिजतात. हे रहाटगाडगे हृदयाने सुरू केले तरी पुढे पायच फिरवत राहतात. आणि म्हणूनच पाय सुधारले की हृदय तेवढेच असूनही माणूस जास्त चालतो.

दुसरे कारण सोबतचे आजार. गुडघे, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, दमा, सिगारेटने खराब झालेली फुप्फुसे. अनेकदा चालणे थांबते गुडघ्याने आणि नाव होते हृदयाचे. यात एक बाब विशेष लक्षात ठेवा, ती म्हणजे लोह. हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत लोहाची कमतरता आढळते, आणि आपल्याकडच्या बायकांत तर ती आधीपासूनच असते. २००९ च्या एका चाचणीत शिरेतून लोह दिलेल्या रुग्णांचा थकवा कमी झाला आणि ते जास्त अंतर चालू लागले. २०१७ च्या दुसऱ्या चाचणीत लोहाच्या गोळ्यांनी मात्र तसा फायदा दिसला नाही. तेव्हा मनाने गोळ्या घेऊ नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारा, "माझे फेरिटिन तपासायचे का?"

तिसरे कारण आत्मविश्वास. स्वीडनमधल्या संशोधकांनी १०० रुग्णांना हालचाल मोजणारे यंत्र लावून अभ्यास केला. त्यांना दिसले की नुसती इच्छा पुरत नाही. "मला हे जमेल" हा भरवसा असेल, तरच इच्छेचे चालण्यात रूपांतर होते. आता ज्याला एकदा जिन्यात जोराची धाप लागली आहे, त्याला "चाला, चाला" म्हणून भरवसा येत नाही. तो येतो छोट्या यशातून. आज दारापासून लिफ्टपर्यंत, उद्या गेटपर्यंत. माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मला काही होणार नाही याची हमी द्या." मी म्हटले, "हमी नाही देत, पण शेजारी चालते." महिन्याभराने त्या माझ्या पुढे चालत होत्या.

यात एक बारकावा आहे. व्यायामाने श्वास थोडा वाढतो, घाम येतो, छाती धडधडते. आजारातही हेच होते. दोन्हींतला फरक शिकवलाच नाही, तर रुग्ण प्रत्येक धडधडीला घाबरणार. तो फरक कसा ओळखायचा, ते पुढे सांगते.

चौथे कारण मन. हार्ट फेल्युअरच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला नैराश्य असते. आपल्या पिढीचे पुरुष ते बोलून दाखवत नाहीत. "कंटाळा येतो," "इच्छा नाही," "आता काय करायचंय," एवढेच म्हणतात. घरचे त्याला आळस म्हणतात. तो आळस नसतो, त्यावर उपचार असतात. आणि चालण्याने मनही थोडे उजळते, असे वर सांगितलेल्या मोठ्या चाचणीतही दिसले.

पाचवे कारण फार साधे आणि फार दुर्लक्षित, ते म्हणजे लघवीची गोळी. सकाळी ही गोळी घेतली की अर्ध्या-एक तासात सुरुवात होते, आणि पुढचे काही तास दर थोड्या वेळाने जावे लागते. बाहेर स्वच्छ शौचालय नाही. बायकांचे तर विचारूच नका. मग कुणी सकाळी फिरायलाच जात नाही, आणि कुणी फिरायला जायचे म्हणून गोळीच चुकवतात! गोळी चुकवणे धोक्याचे. पण तिची वेळ पुढे-मागे करता येते का, हे डॉक्टरांना विचारता येते. बहुतेक वेळा येते. विचारायची लाज वाटते म्हणून महिनोन्महिने घरात बसणारी माणसे मी पाहिली आहेत.

प्रेमाने बसवून ठेवलेली माणसे

सहावे कारण आपण स्वतः, म्हणजे घरचे. रागावू नका. "अहो, तुम्ही उठू नका, मी आणते." "बाबा, पेपर तिथेच देतो." "आई, पोळ्या मी करते, तू बस." यात माया आहे, शंकाच नाही. पण दिवसभरात माणूस आपोआप जी दोन-तीनशे पावले चालला असता, ती या मायेने काढून घेतली. एका घरी आजोबांच्या खुर्चीशेजारी पाण्याचा तांब्या, रिमोट, फोन, औषधे आणि बेलसुद्धा ठेवली होती. आजोबांना उठायला कारणच उरले नव्हते. मी सूनबाईंना एवढेच सांगितले, की तांब्या स्वयंपाकघरात आणि पेपर बाल्कनीत ठेवा. त्यांना पटायला वेळ लागला. लोक काय म्हणतील, सासऱ्यांना उठवते म्हणतील, ही भीती.

बायकांचे उलटे होते. आजारी पडले तरी घरकाम सुटत नाही आणि फिरायला मात्र सवड नाही. "दिवसभर कामच करते की, वेगळं चालायचं कशाला?" घरकाम ही हालचालच आहे, ती कमी लेखू नका. पण ओट्याशी तासभर उभे राहणे आणि दहा मिनिटे सलग चालणे यांचा पायांना होणारा फायदा एक नाही. राष्ट्रीय नोंदीतल्या रुग्णांत बायका फक्त ३१ टक्के होत्या. आजार त्यांना कमी होतो म्हणून की त्या रुग्णालयापर्यंत कमी पोचतात म्हणून, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

चेन्नईचे ऊन आणि आपला रस्ता

सातवे कारण दाराबाहेरचे. अड्यार तसे भाग्यवान आहे. झाडी आहे, समुद्र जवळ आहे. तरी मे महिन्यातले अग्नि नक्षत्रम म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. हृदयाच्या रुग्णाला हे जास्त बाधते, कारण अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे न्यावे लागते, आणि लघवीच्या व बीपीच्या गोळ्यांमुळे चक्कर यायची शक्यता वाढते. तेव्हा उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत, नाहीतर घरातच. ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाळा आणि साचलेले पाणी. फुटपाथ उखडलेले, त्यावर स्कूटर उभ्या, कुत्री. पडण्याची भीती ही खरी भीती आहे, तिला हसू नये.

एलियट्स बीचवर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. कोरड्या वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक शक्ती लागते. म्हणून वाळूलगतच्या पक्क्या वाटेवर चाला, वाळूत नको. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तमिळनाडू सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत ८ किलोमीटरचे आरोग्य चालण्याचे मार्ग सुरू केले, त्यातला चेन्नईचा मार्ग आपल्याच बेझंट नगरात आहे. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या रुग्णाला ८ किलोमीटर नकोत. त्याला सुरुवातीला ८० मीटर पुरतात. सपाट, सावलीचे, मध्ये बसायला बाक असलेले ८० मीटर.

आणि निरोगी माणसे तरी कुठे चालतात? मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या इंडियाब पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या १४,२२७ लोकांची हालचाल तपासली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक, ५४ टक्के लोक, निष्क्रिय होते. शहरांत ६५ टक्के. फिरणे, खेळणे अशी आवडीची हालचाल करणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. म्हणजे माहेर आणि सासर, आपली दोन्ही राज्ये यात सारखीच! ज्या घरात कुणीच चालत नाही, त्या घरातला आजारी माणूस एकटा कसा चालेल?

पण याच शहरात एक उत्साह वाढवणारे उदाहरण घडले आहे. तिरुमंगलमच्या एशियाड कॉलनीत याच संस्थेच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून मधुमेह आणि हृदयविकाराची पाहणी केली. आजाराचे प्रमाण पाहून रहिवाशांना धक्का बसला. चालायचे तर जागा हवी. मग त्यांनी स्वतः पैसे उभे करून कॉलनीत बाग तयार केली. काही वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा व्यायाम करणारे पूर्वी १४ टक्के होते, ते जवळजवळ ५९ टक्के झाले. हे रहिवासी सर्वसाधारण होते, हार्ट फेल्युअरचे रुग्ण नव्हते. पण धडा तोच आहे. उपदेशाने जे होत नाही ते जागा, सोबत आणि शेजाऱ्यांची हजेरी यांनी होते. वर्गणी काढणे ही कला तर आपल्याला कुणी शिकवायला नको!

आता करायचे काय?

आधी डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, ताप, नव्याने आलेली सूज, तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, यांपैकी काहीही असेल तर चालायचे नाही, डॉक्टरांना फोन करायचा. म्हणून वजनकाटा घरात हवाच. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. एखाद्याची झडप फारच अरुंद झाली असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर त्याचे नियम वेगळे. छातीत शॉक देणारे यंत्र बसवले असेल तर किती जोर चालेल ते विचारून घ्या.

किती जोराने चालायचे? नाडी मोजत बसू नका, कारण अनेक रुग्णांना जी औषधे असतात त्यांनी नाडी फारशी वाढतच नाही. सोपी परीक्षा बोलण्याची. चालता चालता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग ठीक. एकेक शब्दावर थांबावे लागले, तर वेग कमी करा. गाणे म्हणता येत असेल, तर थोडे वाढवायला हरकत नाही. थांबल्यावर काही मिनिटांत श्वास जागेवर येतो, ती व्यायामाची धाप. थांबूनही उतरत नाही, किंवा दुसऱ्या दिवशीही अंग गळून जाते, ती जास्त झाल्याची खूण. मघाशी म्हटला तो फरक हाच.

सुरुवात पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. दर काही दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवा. हळूहळू अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, इथपर्यंत जायचे. किती आठवड्यांत, याची शर्यत नाही. आधी पाच मिनिटे सावकाश, शेवटी पाच मिनिटे सावकाश, एकदम थांबायचे नाही. जेवल्यावर निदान तासभर जाऊ द्या. पायात चपला नकोत, बूट हवेत. पाऊस असेल तर गॅलरीत किंवा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये फेऱ्या.

ताकदीसाठी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, पाच-सात वेळा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन वर-खाली. श्वास रोखायचा नाही. प्राणायाम करणाऱ्यांनीही कुंभक करू नये. योगाविषयी सांगायचे तर अटॅकनंतरच्या ३,९५९ भारतीय रुग्णांवर योगाधारित कार्यक्रमाची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. नव्या झटक्यांचे किंवा मृत्यूचे प्रमाण त्याने ठोसपणे घटले असे नाही, पण रुग्णांना बरे वाटणे आणि पूर्वीच्या कामांकडे परतणे वाढले. ज्यांना रस्त्यावर चालणे शक्य नाही, त्यांना ही वाट मोकळी आहे, शिकवणारा मात्र हृदयरोगाची जाण असलेला हवा.

प्रगती कशी मोजायची? रुग्णालयात आम्ही सहा मिनिटांची चाचणी घेतो. सरळ मार्गिकेत सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, एवढेच. घरी तुमची स्वतःची खूण ठरवा. "न थांबता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत," किंवा "अष्टलक्ष्मी मंदिरात वरच्या लक्ष्मीच्या दर्शनाला." एक काका मागच्या वर्षी त्या पायऱ्यांच्या खालीच हात जोडून परतत. या वर्षी मध्ये दोनदा टेकून वर जाऊन आले. इको काढला तर पंपिंगचा आकडा फारसा बदललेला नाही. बदलले ते काका.

मंडळाला एक विनंती

आपण दरवर्षी वर्गणी काढतो, मखर करतो, कार्यक्रम बसवतो. त्याच वहीत आणखी एक पान घाला. आपल्या माहितीत हृदयाचा आजार असलेले कोण कोण आहेत, त्यांची परवानगी घेऊन नावे लिहा, आणि प्रत्येकाला एक चालायचा सोबती द्या. आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटे. सोबत्याला वैद्यकीय ज्ञान नको. त्याने दारात येऊन "काका, निघायचं?" एवढे म्हणायचे. पाणी बरोबर ठेवायचे, तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात. काकांचा वेग पाळायचा, स्वतःचा नाही. एकटे राहणाऱ्यांच्या बाबतीत तर हा सोबती औषधाइतकाच मोलाचा. मुलगा अमेरिकेतून रोज फोन करून "बाबा, चाललात का?" विचारू शकतो, पण शेजारी चालू शकत नाही. ते आपणच करू शकतो. आपल्या गावापासून इतक्या दूर मंडळ काढले ते एकमेकांना धरून राहण्यासाठीच ना?

आणि आज घरी गेल्यावर एक करा. तुमच्या घरातल्या खुर्चीतल्या माणसाच्या हाताशी काय काय आणून ठेवले आहे ते पाहा. डॉक्टरांनी हालचालीची परवानगी दिलेली असेल, तर त्यातली एक वस्तू दहा पावले लांब ठेवा. मग ती आणायला ते उठतील तेव्हा त्यांच्याबरोबर तुम्हीही उठा.

 प्रश्न असतील तर आरतीनंतर मी इथेच आहे. आरतीच्या वेळी ज्यांना फार वेळ उभे राहिल्याने चक्कर येते त्यांनी संकोच न करता बसावे, बाप्पा रागावणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!